नवकंबल आणि सीलचे कातडे

मराठीत ‘सील’ म्हटले की आधी लाख आठवते. मतपेटीवरचे सील, नाहीतर कर थकवलेल्या गाळ्याला महापालिकेने ठोकलेले सील. प्राणी नंतर आठवतो, आणि तोही बर्फावर पडून ओल्या काळ्या डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहणारे पांढरे पिल्लू म्हणून. एका शब्दात दोन अर्थ नांदत असले की त्यांच्या आडोशाने वाद जिंकता येतो, हे आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी ओळखले होते. त्यांचे ठरलेले उदाहरण ‘नवकंबल’ मुलाचे. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे त्याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. दुसरा उसळून विचारतो, या गरिबाकडे नऊ घोंगड्या कुठून येणार? या चलाखीला न्यायशास्त्रात वाक्छल असे नाव आहे.

कॅनडाचे सरकार सीलच्या वस्तूंचा आणि सीलच्या शिकारीचा जो प्रचार करते, तो अशाच वाक्छलावर उभा आहे, असे माझे म्हणणे आहे. ‘सील’ या एका शब्दाखाली तिथे दोन वेगळ्या शिकारी वावरतात. एकीसाठी सहानुभूती गोळा करायची आणि ती दुसरीच्या खात्यावर जमा करायची, असा हा व्यवहार आहे.

दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात काही पुरुषार्थ नाही, म्हणून तो पुऱ्या बळानिशी मांडतो. २०१७ साली कॅनडाच्या संसदेने कायदा करून २० मे हा ‘राष्ट्रीय सील उत्पादन दिन’ ठरवला. तारीख सहज पडलेली नाही. युरोपीय संघ त्याच दिवशी आपला सागरी दिन साजरा करतो, आणि सीलच्या वस्तूंना आपला बाजार बंद करणारा कायदा २००९ साली याच संघाने केला. २०१५ च्या अर्थसंकल्पात सीलच्या मालाला प्रमाणपत्रे आणि बाजारपेठा मिळवून देण्यासाठी पाच वर्षांत ५७ लाख डॉलर खर्चायचे ठरले होते. कॉन्झर्व्हेटिव्ह असोत की लिबरल, ओटावात सत्तेवर कोणीही असो, या बाबतीत सूर एकच. तो सूर असा: हार्प सील दुर्मीळ नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या २० लाखांच्या खाली गेली होती, ती २०१० च्या दशकात सरकारी अंदाजाप्रमाणे ७० लाखांच्या वर पोचली. पांढऱ्या पिल्लांची व्यापारी शिकार १९८७ पासून बंद आहे, तरी प्राणिप्रेमी संस्था अजून तीच छायाचित्रे दाखवून देणग्या गोळा करतात. सील कॉड मासा खातात, म्हणून कोळ्यांचे नुकसान होते. युरोपच्या बंदीने आर्क्टिकमधले मूळ रहिवासी इनुइट लोक उपाशी मरायला आले. आणि ज्या युरोपात डुकरे पिंजऱ्यात वाढवतात त्याने आम्हाला भूतदया शिकवू नये.

यातले पहिले दोन मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत. तिसऱ्या आणि चौथ्यात सत्याचा अंश आहे. पाचवाही खोटा नाही. तरीही या सगळ्यांतून ‘म्हणून सरकारने सीलच्या उद्योगाचा प्रचार करावा’ हे अनुमान निघत नाही. शिवाय हा पूर्वपक्ष आता केवळ ओटावाचा राहिलेला नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. २०१४ साली हॉलिवूडच्या ऑस्कर समारंभातल्या एका सेल्फीच्या निमित्ताने सीलच्या शिकारीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला मोठी देणगी गेली, तेव्हा इनुइट तरुणांनी सीलचे कपडे घालून काढलेली छायाचित्रे ‘सीलफी’ या नावाने जगभर पसरवली. त्याच वर्षी ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने इनुइटांची माफी मागितली. २०१६ साली अलेथिया अर्नाकुक-बारिल यांचा ‘अँग्री इनुक’ हा माहितीपट आला. तेव्हापासून शिकलेल्या, सहृदय, वसाहतवादाबद्दल अपराधी वाटणाऱ्या वर्गातही सीलच्या शिकारीच्या बाजूने बोलणे हे सभ्यतेचे लक्षण झाले आहे. पूर्वी फॅशन विरोधाची होती, आता ती समर्थनाची आहे. म्हणून खंडन याचे करायचे.

आधी दोन्ही शिकारी नजरेसमोर आणू.

कॅनडाच्या पूर्व टोकाला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या ईशान्येला दर हिवाळ्यात समुद्रावर तरंगते बर्फ उतरते. शिकारी त्या भागाला ‘फ्रंट’ म्हणतात. दुसरे क्षेत्र सेंट लॉरेन्सच्या आखातात, मॅग्डालेन बेटांभोवती. हार्प सीलच्या माद्या फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये तिथे वितात. पिल्लू जेमतेम बारा दिवस दूध पिते, मग आई जाते ती परत येत नाही. पांढरी लव झडू लागली की त्या फाटक्या अवतारामुळे त्याला ‘रॅग्ड जॅकेट’ म्हणतात. तीन-चार आठवड्यांनी खालची चंदेरी, ठिपक्यांची लव दिसू लागली की ते ‘बीटर’ होते, कारण पोहायला शिकताना ते पाण्यावर नुसतेच हात आपटत असते. धंद्याला हवे असते ते हेच बीटर, कारण त्यांची लव सर्वांत देखणी. हत्यार म्हणजे बंदूक, नाहीतर हकापिक: लांब दांडा, टोकाला एका बाजूने हातोडा आणि दुसऱ्या बाजूने आकडा. आधी डोक्यावर घाव, मग कवटी चाचपून मेल्याची खात्री, मग रक्त वाहू देणे, असा तीन पायऱ्यांचा नियम २००९ पासून आहे. हंगाम थोड्या दिवसांचा. कातडे चरबीसकट सोलून बोटीत घेतात. फ्लिपर, म्हणजे वल्ह्यासारखे पुढचे पाय, घरी नेतात. ईस्टरच्या सुमारास त्यांची ‘पाय’, म्हणजे पिठाच्या आवरणात भाजलेला पदार्थ, करून खाण्याची तिथे जुनी रीत आहे. उरलेल्या बहुतेक मांसाला गिऱ्हाईक नसते.

दुसरी शिकार हजारो किलोमीटर उत्तरेला, नुनावुत या इनुइटबहुल प्रदेशात. तिथला प्राणीही वेगळा. तो रिंग्ड सील, इनुइट भाषेत नत्सिक. आकाराने लहान, कळपात न राहणारा, वर्षभर सापडणारा. हिवाळ्यात बर्फाला त्याने पाडलेले श्वासाचे छिद्र असते, त्याला अग्लू म्हणतात. शिकारी त्या छिद्राशी तासन्‌तास हालचाल न करता उभा राहतो. जनावर घरी आले की बायका उलूने, म्हणजे अर्धचंद्राकृती सुरीने ते कापतात. मांस खायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचे. कातड्याचे कामिक म्हणजे बूट होतात, हातमोजे होतात. उरलेली कातडी विकून बंदुकीच्या गोळ्या आणि स्नोमोबिलचे पेट्रोल यायचे.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी, कारण युरोपीय कायद्याची गाडी नेमकी इथेच घसरते. पहिली शिकार व्यापारी आणि दुसरी पोटापुरती, अशी विभागणी करून भागणार नाही. इनुइट कातडी विकतातच. विकली नाहीत तर पुढच्या शिकारीला पेट्रोल कुठून आणणार? ‘तुम्ही आदिवासी, म्हणून तुम्ही पैशाला हात लावू नका, मगच आम्ही तुमच्यावर दया करू’ हा युरोपचा सूर इनुइटांना अपमानास्पद वाटतो, आणि तो आहेच. खरा भेद असा की एका शिकारीत जनावर मांसासाठी मारले जाते आणि कातडे ही वरकड मिळकत असते. दुसरीत ते कातड्यासाठी मारले जाते आणि मांस ही अडचण असते. बाजार कोसळला तर मांसाची शिकार महाग होते, पण चालूच राहते. कातड्याची बंदच पडते, कारण तिला बाजाराखेरीज दुसरा हेतूच नाही.

२५ मे २००९ रोजी कॅनडाच्या तेव्हाच्या गव्हर्नर जनरल मिशेल जाँ नुनावुतमधल्या रँकिन इनलेट गावी गेल्या. इनुइटांनी मारलेल्या सीलचे काळीज त्यांनी उलूने कापून कच्चे खाल्ले. युरोपीय संसदेने ५५० विरुद्ध ४९ मतांनी बंदी मंजूर केल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. पुढच्या मार्चमध्ये ओटावात संसदेच्या उपाहारगृहात सीलचे मांस बेकनमध्ये गुंडाळून वाढले गेले. पहिल्या प्रसंगात मला काही खटकत नाही. पाहुण्याने यजमानाच्या ताटातले खावे, यात गैर काय? खटकते ते दोन ताटांमधले अंतर पुसले जाणे. रँकिन इनलेटच्या काळजाने मिळवलेले पुण्य फ्रंटवरच्या बीटरच्या कातड्याला कसे लागते?

या युक्तिवादाचा सगळ्यात भक्कम खांब इनुइटांचा, म्हणून तो आधी तपासू. १९८३ साली युरोपीय समुदायाने हार्प आणि हूडेड सीलच्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. त्या निर्देशातच इनुइटांच्या पारंपरिक शिकारीला सूट दिली होती. इनुइट ती पिल्ले मारतच नसत. तरी उत्तरेकडच्या गावांचे सीलच्या कातड्यांचे उत्पन्न एक-दोन हंगामांत कोलमडले. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज वेन्झेल यांनी यावर १९९१ साली आख्खे पुस्तक लिहिले. सुक्याबरोबर ओलेही जळले. समर्थक यावरून म्हणतात, पाहा, बंदीने काय केले! मी विचारतो, कायद्यात सूट होती, प्राणी वेगळा होता, मग इनुइटांचा माल पडला कशाने? ‘सील’ या नावाला डाग लागला, म्हणून. आणि डाग लागला तो आखातातल्या बर्फावर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर चाललेल्या कत्तलीमुळे. १९७७ साली फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो अग्लूशी उभ्या असलेल्या शिकाऱ्याला पाहायला गेली नव्हती. ती गेली होती पांढऱ्या पिल्लांच्या शिकारीचा निषेध करायला. एकाच्या प्रतापाने दुसऱ्याची पत गेली. डाग पसरवण्यात प्राणिप्रेमी संस्थांचा हात होता, यात शंका नाही. त्यांनी दोन शिकारींतला फरक सांगण्याचे कष्ट घेतले नाहीत, कारण फरक सांगितला की देणगीचे पाकीट हलके होते. पण त्याच दोन शिकारींची एका दिनाखाली, एका बोधवाक्याखाली पुन्हा मोट बांधणारे सरकार त्या संस्थांचीच चूक उलट्या दिशेने करत आहे.

यावर खरा आक्षेप इनुइटांकडूनच येतो, आणि तो टाळून चालणार नाही. इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने युरोपीय बंदीविरुद्ध युरोपच्याच न्यायालयांत दाद मागितली. त्यात त्यांना यश आले नाही. त्यांच्यातले अनेक जण म्हणतात की आम्हाला मोठ्या उद्योगापासून तोडू नका. कातडे कमावणारे कारखाने, लिलाव, गिऱ्हाइके, हे सगळे मोठ्या धंद्याच्या आधाराने टिकते. २००० नंतरच्या तेजीत हार्पबरोबर रिंग्ड सीलच्या कातड्यालाही चांगला भाव मिळत होता, हे खरे आहे. पण जे बरोबर चढते ते बरोबर उतरते. १९८३ नंतर हेच झाले, २००९ नंतर पुन्हा हेच झाले. दोन्ही वेळा सूट कागदावर राहिली आणि बाजार गेला. ग्रीनलंडचे उदाहरण घ्या. तिथे न्यूफाउंडलंडसारखा उद्योग नाही, कातडी इनुइटांची आहेत, काकोर्तोक गावचा कातडी कमावण्याचा कारखाना सरकारी मदतीवर उभा आहे, युरोपची सूट आहे. तरी युरोपच्या दुकानातून सील जवळजवळ गेलाच. काठावर बांधलेली होडी दोन वेळा त्याच वादळात फुटली, तर तिसऱ्यांदा दोर आणखी आवळून बांधणे याला मी उपाय म्हणणार नाही.

आता कॉड. समर्थकांच्या भात्यातला हा सर्वांत लोकप्रिय बाण, आणि माझ्या मते सर्वांत बोथट.

२ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी सेंट जॉन्समध्ये उत्तरेकडच्या कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार एका संध्याकाळी गेला. आदल्या दिवशी बे बुल्समध्ये संतापलेल्या कोळ्यांना क्रॉस्बी यांनी ऐकवले होते की पाण्यातले मासे काही मी पळवले नाहीत. मग पळवले कोणी? १९६८ साली या कॉडची पकड ८ लाख टनांच्या वर गेली होती. ती परदेशी ट्रॉलरांची करणी. १९७७ साली कॅनडाने दोनशे मैलांचे क्षेत्र आपले केले, परक्यांना हाकलले, आणि मग स्वतःचे ट्रॉलर तिथे लोटले. सरकारी शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात साठ्याचा अंदाज फुगवून सांगितला, किनाऱ्यावरचे कोळी जाळ्यात मासा येत नाही म्हणून ओरडत राहिले. कॉडचा हा संहार सुरू झाला त्या काळात हार्प सील किती होते? वर आकडा दिलाच आहे, त्यांच्या इतिहासातल्या नीचांकाच्या आसपास. म्हणजे कॉडचा मोठा संहार सुरू झाला तेव्हा सील थोडे होते, आणि सील वाढत गेले ते त्यानंतर. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला गाठ पडली, त्याला आपण काकतालीय न्याय म्हणतो. इथे तर फळ आधी पडले आणि कावळा नंतर येऊन बसला. तरी खून कावळ्याच्या नावावर.

हार्प सील कॉड खात नाही असे मी म्हणत नाही. कॉडबरोबर तो कॅपलिनही खातो, आणि कॅपलिन हा कॉडचाही घास आहे. १९९० च्या सुमारास हा छोटा मासाच कोसळला. मत्स्यखात्याच्याच शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निष्कर्ष काढला की उत्तरेकडच्या कॉडचे चढउतार मासेमारी आणि कॅपलिनची उपलब्धता यांनी ठरतात, हार्प सीलने नव्हे. आखाताच्या दक्षिण भागात गोष्ट वेगळी आहे. तिथे ग्रे सील कॉडला सावरू देत नाही, याचे पुरावे भक्कम आहेत. २०१२ साली सेनेटच्या समितीने तिथे ७० हजार ग्रे सील मारावेत अशी शिफारसही केली होती. पण ग्रे सीलच्या कातड्याला बाजार नाही, म्हणून उद्योग त्याच्याकडे फिरकत नाही. गुन्हा ग्रे सीलचा, शिक्षा हार्पला, तीही हजार किलोमीटर दूर. आपल्याकडे याला वड्याचे तेल वांग्यावर म्हणतात.

याहून गंभीर दोष पुढे आहे. नैयायिक ज्याला विरुद्ध हेतू म्हणतात, म्हणजे जो साध्य सिद्ध करण्याऐवजी त्याच्या उलट सिद्ध करतो, तो हा. सरकार एका श्वासात म्हणते की ही शिकार टिकाऊ आहे, साठा कमी होऊ देत नाही. दुसऱ्या श्वासात म्हणते की सील फार झाले, ते कमी केले पाहिजेत. दोन्ही खरे कसे असेल? धंदा टिकायचा तर सील भरपूर हवेत, कॉड वाचवायचा तर सील थोडे हवेत. त्यात धंदा मारतो बीटर, ज्यांनी अजून कॉड पाहिलेलाही नाही आणि ज्यांच्यातले बरेच पहिल्या वर्षी आपोआप मरणारच असतात. मासा खाणाऱ्या आणि वर्षाला एक पिल्लू देणाऱ्या थोराड मादीला तो सहसा हात लावत नाही. संख्या कमी करण्याची याहून कुचकामी रीत शोधून सापडणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सेंट जॉन्सला सरकारने सीलवर खास परिषद भरवली, तिच्यातही ही दोन्ही गाणी एकाच वेळी गायली गेली.

बाजाराचे थोडक्यात सांगतो, कारण आकडे स्वतःच बोलके आहेत. २००६ साली चांगल्या कातड्याला शंभर डॉलरच्या आसपास भाव आला, साडेतीन लाखांवर सील मारले गेले, आणि त्यांचे मोल तीन कोटी डॉलरच्या वर गेले. २००९ च्या हंगामात भाव पंधरा डॉलरच्या आसपास आला. युरोपची बंदी अमलात आली ती ऑगस्ट २०१० मध्ये. बंदीची चाहूल, बेल्जियम आणि नेदरलंड्सने २००७ मध्येच घातलेल्या बंद्या, जागतिक मंदी, सगळ्यांचा वाटा त्यात असेल, पण ‘ब्रुसेल्सच्या एका सहीने धंदा बुडाला’ ही कथा तारखांपुढे टिकत नाही. आणि सरकारने काय केले? २००९ चा कोटा २ लाख ८० हजार, २०१० चा ३ लाख ३० हजार, २०११ चा ४ लाख. प्रत्यक्ष शिकार अनुक्रमे पाऊण लाखाच्या आसपास, मग ७० हजारांच्या खाली, मग ४० हजारांच्या आसपास. गिऱ्हाईक पळतेय आणि दुकानदार पाटी मोठी करतोय. जानेवारी २०११ मध्ये मत्स्यमंत्री गेल शे यांनी बीजिंगमध्ये चीनचा बाजार उघडल्याची घोषणा केली, तीही फळली नाही. त्या वर्षाच्या अखेरीस सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या रशियाने बेलारूस आणि कझाकस्तानसह हार्पच्या कातड्यांची आयात बंद केली. २०१२ साली न्यूफाउंडलंडच्या प्रांतिक सरकारने कॅरिनो या कंपनीला कातडी विकत घेऊन साठवता यावीत म्हणून ३६ लाख डॉलरचे कर्ज दिले. ही कंपनी तेव्हा नॉर्वेच्या एका घराण्याची होती. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये नॉर्वेच्याच संसदेने आपल्या देशातल्या सील-शिकारीचे अनुदान बंद करायचे ठरवले.

बाजार मरतात, आणि नेहमीच कोणीतरी मारले म्हणून मरतात असे नाही. १८३१ साली न्यूफाउंडलंडच्या गलबतांनी सहा लाखांवर सील मारले ते कातड्यासाठी नव्हे, तेलासाठी. त्या तेलावर लंडनचे दिवे जळत. मग रॉकेल आले, वीज आली, आणि ते गिऱ्हाईक गेले. तेव्हा कोणी ‘राष्ट्रीय सीलतेल दिन’ पाळला नाही. १९९० च्या दशकात पूर्व आशियात सीलच्या लिंगाला वाजीकरणाचे औषध म्हणून भाव होता. १९९८ मध्ये व्हायग्रा आली आणि तो भाव पडला, असे काही संशोधकांनी लिहिले. पूर्व आशियातले आर्थिक संकटही त्याच सुमाराचे, तेव्हा काकतालीय न्यायाचा इशारा मी स्वतःलाही देतो.

राहिला युरोपच्या ढोंगाचा मुद्दा. तो खरा आहे. पिंजऱ्यातली डुकरे, बदकांच्या घशात नळीने कोंबलेला दाणा, हे सगळे युरोपात आहे, आणि सीलच्या पिल्लासाठी रडणारे तेच डुक्कर जेवतात. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला. पण हे बोलल्याने काय सिद्ध होते? आरोप नाकारायचा नाही, उलट आरोप करणाऱ्याच्या अंगावर तोच आरोप टाकायचा, याला गौतमाच्या न्यायशास्त्रात मतानुज्ञा म्हणतात, आणि ती वादात हरल्याची खूण मानली आहे. कारण ‘तूही तसाच’ म्हणताना ‘मी तसा आहे’ हे कबूल केलेले असते. जागतिक व्यापार संघटनेपुढे कॅनडा आणि नॉर्वे गेले, तेव्हा मे २०१४ च्या अंतिम निकालात सार्वजनिक नीतिमत्तेच्या कारणासाठी सीलच्या मालावर बंधन घालण्याचा युरोपचा हक्क मान्य झाला. दोष सापडला तो सूट देण्याच्या रीतीत. ग्रीनलंडच्या इनुइटांना ती जितकी सुलभ होती तितकी कॅनडाच्या इनुइटांना नव्हती. म्हणजे न्यायाधीशांनीही बोट ठेवले ते इनुइटांच्या जागेवर. २०१५ मध्ये युरोपने कायदा दुरुस्त केला, नुनावुतच्या सरकारला प्रमाणपत्रे देण्याची मान्यता मिळाली. फ्रंटवरच्या कातड्याला त्या निकालातून काहीच मिळाले नाही. तरी निकालानंतर ओटावात जयजयकार झाला. कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

न्यूफाउंडलंडच्या शिकाऱ्याबद्दल माझ्या मनात तिरस्कार नाही, उलट आहे तो आदर. १९१४ च्या मार्च अखेरीस ‘न्यूफाउंडलंड’ जहाजाची माणसे वादळात दोन रात्री बर्फावर अडकली आणि त्यांतली ७८ गोठून गेली. त्याच वादळात ‘सदर्न क्रॉस’ सगळ्या माणसांसह बुडाले. मिळून अडीचशे घरे उघडी पडली. २००८ साली मॅग्डालेन बेटांची ‘लाकादियां दोन’ ही बोट तटरक्षक दलाचे जहाज ओढून नेत असताना उलटली आणि चौघे गेले. कर्ज काढून घेतलेली बोट, एप्रिलच्या बर्फात चार पैसे मिळाले तर खेकड्याच्या हंगामाचे डिझेल निघते, असे त्याचे गणित. २०१४ साली एलिस्टनला उभारलेले सील-शिकाऱ्यांचे स्मृतिकेंद्र योग्यच आहे. पण एखाद्या कष्टाची स्मृती जपणे आणि त्याच कष्टाचा माल नसलेल्या बाजारात ढकलणे, ही वेगळी कामे आहेत. बर्फच आता नेहमी येत नाही. २०१० साली आखातात ते जवळजवळ नव्हते. तेव्हा त्या कोळ्याला मेमध्ये ओटावात दिवस पाळून काय मिळणार?

मंडनाचे दोनच शब्द. सरकारने मदत जनावराच्या कातड्याला न करता शिकाऱ्याच्या हाताला करावी. आपल्या हमीभावासारखे काहीतरी नुनावुतचे सरकार करतेच. ते ठरलेल्या दराने कातडी घेते, कमावलेली कातडी स्थानिक शिवणकाम करणाऱ्या बायकांना परत पुरवते, आणि त्यांच्या हातमोज्यांना गावात आणि उत्तरेत गिऱ्हाईक आहे. ओटावाने अलीकडे उत्तरेच्या अन्नयोजनेत शिकाऱ्यांना थेट अनुदान सुरू केले. पेट्रोल, गोळ्या, स्लेजसाठी. या पैशातून घरात मांस येते. दक्षिणेतून विमानाने येणाऱ्या महाग अन्नापेक्षा ते ताजे असते. यात ब्रुसेल्सची परवानगी लागत नाही, कातड्याचा भाव काय आहे हेही पाहावे लागत नाही.

आणि बाजारासाठी भांडायचेच असेल, तर दार युरोपचे नव्हे, शेजारचे ठोठावायला हवे. अमेरिकेने १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने सीलच्या मालाला दार लावले, युरोपच्या कितीतरी आधी. अलास्कातल्या इनुपियाक बाईने सीलचे हातमोजे शिवले तर ती ते अमेरिकेत विकू शकते. नुनावुतमधल्या तिच्या भाऊबंदांपैकी कुणी तसेच, त्याच टाक्याने शिवले तर ते विक्रीसाठी सीमेपलीकडे नेता येत नाहीत, आणि नुनावुतच्या राजधानीत, इकालुइतला आलेला अमेरिकी पर्यटकही ते विकत घेऊन घरी नेऊ शकत नाही. २० मे ही तारीख मात्र ब्रुसेल्सच्या कॅलेंडरातून घेतलेली आहे.